धंतोलीतल्या मॅडमनी आमच्या पुस्तिकेत ६३ वेळा 'कोण?' लिहिलं

या मॅडम म्हणजे नागपुरात ऑफिस-कारखान्यांच्या कागदांचं मराठी संपादन करून देणाऱ्या बाई. त्यांच्या कामाला तारे द्यायचे तर पाचपैकी चार. पाचवा का कापला ते पुढे येईलच, आणि त्यातली अर्धी चूक माझी होती तेही.

मी हिंगणा एमआयडीसीतल्या एका फॅब्रिकेशनच्या कारखान्यात एचआर आणि प्रशासन बघतो. माणसं १४०, त्यात कंत्राटी ५५. 'बघतो' म्हणजे हजेरी, पीएफ, ईएसआय, कॅन्टीनमधली भांडणं, गेटवरच्या नोटिसा, आणि एकदा तर साहेबांच्या पुतणीची लग्नपत्रिकासुद्धा. दहा वर्षांत कारखान्यातून जे काही लिहून निघालं, ते एकतर मी लिहिलं, नाहीतर माझ्या आधीच्या माणसाचं उचलून तारीख बदलली. असं उचलता उचलता आमची 'कर्मचारी माहिती पुस्तिका' ४६ पानांची होऊन बसली होती. वाचत कोणीच नव्हतं. नवीन पोरगा लागला की त्याच्या हातात द्यायची, शेवटच्या पानावर सही घ्यायची, ते पान फाडून फायलीत लावायचं. उरलेली पुस्तिका डब्याखाली ठेवायच्या कामाची. हे मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं आहे, म्हणून सांगून राहिलो.

एप्रिल २०२५ मध्ये दोन वेल्डर एकाच आठवड्यात न सांगता गैरहजर राहिले. एका सुपरवायझरने आपल्या माणसाचा एक दिवसाचा पगार कापला. दुसऱ्याने आपल्या माणसाला थेट मेमो दिला. मेमोवाला पुस्तिका घेऊनच माझ्या टेबलासमोर उभा राहिला आणि बोट ठेवून म्हणाला, "हे पाहा जी, इथं लिवलं आहे, योग्य ती कार्यवाही करण्यात येईल. मंग योग्य कोणती? त्याची का माही?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. वाक्य माझंच होतं.

आधी फुकटातला उपाय करून पाहिला. मोबाइलमधल्या एआयला ते पान दिलं आणि सोप्या मराठीत करून मागितलं. भाषा छान गुळगुळीत करून दिली त्याने, पण 'योग्य ती कार्यवाही' तिथल्या तिथेच, वर 'कृपया सहकार्य करावे' हे पदरचं. त्याची तरी काय चूक? योग्य काय ते मलाच ठाऊक नव्हतं, तर त्याला कुठून असणार!

मग एका ओळखीच्या सीएने या मॅडमचं नाव सांगितलं. नाव इथे लिहीत नाही. त्यांच्या दारावरही पाटी नाही आणि त्यांना ती नकोच आहे. बरीच वर्षं वर्तमानपत्राच्या डेस्कवर काढली, आता घरूनच ऑफिसांचे कागद नीट करून देतात: नियमपुस्तिका, नोटिसा, हाउसिंग सोसायटीचे ठराव, दवाखान्यांची माहितीपत्रकं.

जायचं असेल तर गाडी नेऊ नका. धंतोलीत दर दोन घरांआड दवाखाना, गाडी लावायला जागा मिळेपर्यंत माणूसच पेशंट होतो. मी लोकमान्य नगरहून मेट्रो धरली, सीताबर्डीला लाइन बदलली, काँग्रेसनगरला उतरलो आणि पायी गेलो. मे महिना, दुपारी बारा. दुसरा मजला, लिफ्ट नाही. वर पोचल्यावर कूलरसमोरची खुर्ची आणि माठातलं पाणी मिळतं. तेवढ्यासाठीच अर्धा तारा द्यायला मी तयार होतो.

मला वाटलं होतं, फाइल द्यायची, र्‍हस्व-दीर्घ सुधारून घ्यायचे, पैसे द्यायचे, निघायचं. पहिल्या दिवशी त्यांनी फाइल उघडलीसुद्धा नाही. दोन तास नुसते प्रश्न. ही पुस्तिका कोण वाचतं? कधी वाचतं? बसून की उभं राहून? चष्मा लागतो का? वाचून त्याने काय करावं असं तुम्हाला वाटतं? शेवटच्या प्रश्नावर मी म्हणालो, "नियम पाळावेत." त्या म्हणाल्या, "ते सोडा भाऊ. हे पान वाचून मिटलं, आता तो उठून कुठे जाईल? काय करेल? ते सांगा."

शुद्धलेखनाचं मी विचारलंच. त्यावर त्यांनी सांगितलं की ती शेवटची फेरी. १९६२ चे चौदा आणि १९७२ चे चार, असे मराठी साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे अठरा नियम आहेत, ते एका दुपारी लावून होतात. पण जे वाक्य काढूनच टाकायचं आहे त्याच्या वेलांट्या कशाला दुरुस्त करायच्या?

दर असा: संपादनाचे ११,५००, निम्मे आधी. त्यावर १,५०० वेगळे, कारण आमच्या फायली जुन्या फॉन्टमधल्या होत्या आणि त्या युनिकोडमध्ये आणाव्या लागल्या. या १,५०० वर मी कुरकुरलो होतो. नंतर रूपांतर झालेला पहिला मसुदा पाहिला तर सगळे रफार एकेक घर पुढे सरकलेले, 'कार्यवाही'ची 'कायर्वाही' झालेली. मॅडमनी ते ओळ अन् ओळ बघून जागेवर आणलं. कुरकुर मागे घेतली.

आठवड्याने छापील प्रत परत आली. त्या पडद्यावर काम करत नाहीत; कागद आणि हिरवी पेन्सिल. समासात जागोजागी एकच शब्द: 'कोण?' मी मोजले, ६३ भरले. 'रजा मंजूर करण्यात येईल' — कोण? 'सुरक्षा साधने पुरवण्यात येतील' — कोण? 'तपासणी केली जाते' — कोण? आपल्याकडे ऑफिसचं मराठी म्हणजे 'करण्यात येईल', 'घेण्यात यावी', 'असे निदर्शनास आले आहे'. शाळेतल्या अर्जापासून तोच वळसा हाताला पडलेला. ऐकायला भारदस्त. पण या ६३ वाक्यांत काम करणारा माणूसच नाही. सुरक्षा बूट फाटले तर कोणाकडे जायचं? पुस्तिका म्हणते, पुरवण्यात येतील. स्टोअरवाला म्हणतो, सुपरवायझरची चिठ्ठी आणा. सुपरवायझर म्हणतो, ते एचआर बघतं. आणि एचआर, म्हणजे मी, वाक्य लिहून मोकळा.

त्या ६३ जागा भरायला मला चार दिवस लागले. सगळ्यात जास्त वेळ यातच गेला, आणि तो मॅडमचा नव्हे, माझा. प्रत्येक 'कोण?' घेऊन कोणाच्या ना कोणाच्या केबिनमध्ये जावं लागलं. अकरा ठिकाणी निघालं की ते काम कोणाचं हे कारखान्यात कधी ठरलंच नव्हतं. 'योग्य ती कार्यवाही'वर तर साहेबांपुढे दोन्ही सुपरवायझरांना बसवून अर्धा तास वाद झाला, तेव्हा कुठे नियम झाला. मॅडमनी तो असा लिहिला:

"अचानक अडचण आली तर शिफ्ट सुरू होण्याआधी सुपरवायझरला फोन करा. न कळवता गैरहजर राहिलात तर त्या दिवसाचा पगार मिळणार नाही. तीन महिन्यांत हे दुसऱ्यांदा झालं तर एचआर लेखी ताकीद देईल."

शिवाय एक तळटीप, खास माझ्यासाठी: 'कार्यवाही' म्हणजे काम पुढे नेणं आणि 'कारवाई' म्हणजे शिक्षा. तुम्हाला धमकी द्यायची होती, शब्द मात्र फायलीचा वापरलात. दहा वर्षं मी हे दोन्ही एकच समजत होतो, बाप्पा.

गॅसगळतीचं पान मात्र पुरतं सांगतो. जुनं वाक्य असं होतं: "गॅस गळती ही अत्यंत गंभीर व जीवितास धोका निर्माण करणारी बाब असून, गळती निदर्शनास आल्यास घाबरून न जाता, परिसरातील विद्युत उपकरणे चालू अथवा बंद न करता, वरिष्ठांना कळवून, त्यांच्या सूचनेनुसार सुरक्षित अंतरावर जमण्याची दक्षता घ्यावी." पान ३१, संस्थापकांचं मनोगत आणि रौप्यमहोत्सवाचे फोटो यांच्या मागे.

मॅडमनी विचारलं, "रात्री अडीचला ॲसिटिलीनचा वास आला, तर हा माणूस एकतिसावं पान काढेल?" मग त्यांनी ते वाक्य मोठ्याने वाचून दाखवलं, आणि पहिल्यांदा माझ्या लक्षात आलं की आपल्या भाषेत क्रियापद शेवटी येतं. वाक्य लांबवलं की काय करायचं ते वाचणाऱ्याला शेवटच्या शब्दापर्यंत कळत नाही. 'असून', 'न जाता', 'न करता', 'कळवून' अशा शेपट्या जोडत गेलो, आणि 'जमण्याची दक्षता घ्यावी'पर्यंत पोचेतो तो बिचारा सिलिंडरशेजारीच उभा. इंग्रजीत निदान 'डू नॉट' सुरुवातीला तरी येतं. मराठीत आदेश आधी पोचवायचा तर वाक्य तोडण्याशिवाय गत्यंतर नाही.

नवं पान पुस्तिकेच्या पहिल्या कव्हरच्या आतल्या बाजूला आलं, मोठ्या अक्षरात. वेल्डिंग थांबवा. दिव्याचं किंवा पंख्याचं बटण दाबू नका. शेजारच्याला सोबत घेऊन बाहेर पडा. गेटजवळच्या कडुनिंबाखाली जमा. तिथे पोचल्यावरच फोन करा. खाली नंबर. 'सुरक्षित अंतर' गेलं, कडुनिंब आला. मॅडमनी यातलं काहीही स्वतःच्या मनाने घातलं नाही, हे मुद्दाम सांगतो. आधी काय करायचं आणि नंतर काय, हे त्यांनी आमच्या सेफ्टी ऑफिसरकडून फोनवर तीनदा वदवून घेतलं. "क्रम तुमचा, वाक्य माझं," एवढंच म्हणाल्या.

त्यानंतर त्यांनी घातलेली अट मला जरा अतीच वाटली होती. हे पान दोन माणसांना वाचायला द्या, वाचून दाखवू नका, आणि मग 'आता काय कराल' विचारा. मी रात्रीच्या शिफ्टच्या वॉचमनला आणि एका हेल्परला दिलं. हेल्परने बरोबर सांगितलं. वॉचमन म्हणाला, "साहेब, बाकी मले समजलं, पण निंब कोणता? गेटपाशी दोन निंब आहेत." होते खरे दोन. एकाला आता पांढरा पट्टा मारला आहे आणि पानावर 'पांढऱ्या पट्ट्याचा कडुनिंब' असं छापलं आहे.

शब्दांचं थोडक्यात. आमच्या पुस्तिकेत एकाच गोष्टीला रजा, सुट्टी, अवकाश आणि लीव्ह अशी चार नावं होती. शाळेत निबंधात शब्द पुन्हा आला की मार्क जायचे, ती सवय. मॅडमनी ठरवून टाकलं: मागून घ्यायची ती रजा, कारखाना बंद असतो ती सुट्टी, तिसरा शब्द नाही. 'पाळी' काढून 'शिफ्ट' केलं, कारण कारखान्यात पाळी कोणी म्हणत नाही. 'अधोस्वाक्षरीकर्ता' गेला, तिथे आता 'मी' आहे. स्वतःच्या सहीवर 'मी' लिहायला दोन दिवस कसंनुसं झालं.

मात्र सरसकट सगळं पुणेरी करणाऱ्यातल्या त्या नाहीत. कॅन्टीनच्या नियमांत 'सांबार रोज ताजा आणावा' असं होतं. आमचे नवे प्लांट मॅनेजर पुण्याचे. त्यांनी शेजारी लिहिलं होतं, 'इडली तर फक्त मंगळवारी असते, मग सांबार रोज कशाला?' आमच्या नागपुरात सांबार म्हणजे कोथिंबीर, म्हणून मला वाटलं मॅडम 'कोथिंबीर' करतील. त्यांनी 'सांबार'ला हात लावला नाही. समासात लिहिलं: 'कंत्राटदार नागपूरचा, भाजी आणणारा नागपूरचा. मॅनेजरसाहेबांना तोंडी सांगा.' तोंडी सांगितलं, सोबत याच सांबाराची पुडाची वडी खिलवली. विषय संपला.

मांडणीचा खरा फायदा सहा महिन्यांनी कळला. भरपगारी रजेचा नियम आम्ही १९४८ च्या कारखाने अधिनियमातून जसाच्या तसा उतरवला होता, कलम ७९: वर्षात २४० दिवस काम केलं तर पुढच्या वर्षी दर २० दिवसांमागे एक दिवस. हे वाक्य पुस्तिकेत पाच ठिकाणी विखुरलं होतं. रजेत, हजेरीत, पगारात, कंत्राटी कामगारांच्या भागात आणि का कोण जाणे, बक्षीस योजनेत. मॅडमनी ते एकाच ठिकाणी ठेवलं, बाकी चारी ठिकाणी 'पान ९ पाहा'. पान ९ वर कायद्याच्या वाक्याखाली एक हिशेब घातला: २६० दिवस काम केलं, भागिले २०, म्हणजे १३ दिवस रजा. या एका ओळीने माझ्या टेबलासमोरची निम्मी गर्दी कमी केली. नोव्हेंबर २०२५ मध्ये नव्या कामगार संहिता लागू झाल्या आणि २४० ची अट १८० वर आली. जुनी पुस्तिका असती तर पाचातल्या तीन जागा मी बदलल्या असत्या आणि दोन विसरलो असतो. आता एक पान बदललं.

जुन्या कायद्यातली आणखी एक गोष्ट मला त्यांच्याकडेच बसून कळली. कलम १०८ मध्ये होतं की नोटिसा इंग्रजीत आणि बहुसंख्य कामगारांना समजेल अशा भाषेत लावायच्या, मुख्य दाराजवळ, स्वच्छ आणि वाचता येतील अशा. म्हणजे हा काही शौक नव्हे. आमची नोटीस कुठे होती? पंचिंग मशीनच्या मागे, २०१८ सालची, तिच्यावर 'दिवाळी मिलन' चिकटवलेलं.

आता तक्रारी.

दहा दिवस सांगून एकोणीस लावले. त्यातले चार माझे, हे कबूल; उरलेले पाच त्यांच्या भाचीच्या साखरपुड्यात गेले. फोन दुपारी एक ते चार बंद. जीएसटीचं बिल मिळत नाही, साधी पावती मिळते. आमच्या अकाउंट्सवाल्याने त्यावरून मला आठवडाभर फिरवलं. हिंदी त्या करत नाहीत. आमच्याकडे बालाघाट, छत्तीसगड, बिहारची बरीच पोरं आहेत, त्यांच्यासाठी हिंदी पुस्तिका लागणारच होती. ती शेवटी आमच्याच एका सुपरवायझरने केली, आणि 'करने में आएगा' जिथे-तिथे परत आलं. या सेवेतली माझ्या मते हीच खरी उणीव. नागपुरात कारखान्यांचं काम घ्यायचं तर हिंदीशिवाय ते अर्धंच राहतं.

संस्थापकांचं दोन पानी मनोगत त्यांनी पार मागे, शेवटून दुसऱ्या पानावर टाकलं. त्यावरून साहेब माझ्यावर नाराज झाले. मॅडम म्हणाल्या, हवं तर वेगळी सुंदर पत्रिका छापा, पण गॅसच्या आधी मनोगत येणार नाही. साहेबांपुढे हे वाक्य मलाच म्हणावं लागलं, त्याचे पैसे कोणी दिले नाहीत.

आणि आता माझी चूक. छपाईआधीचं प्रूफ बघायचे त्या ८०० रुपये वेगळे घेतात. "शेवटचं प्रूफ मला दाखवाच," असं त्यांनी दोनदा बजावलं होतं. मी म्हटलं, सगळं तर झालं, आता छापखान्यात काय बिघडणार? २०० प्रती टाकल्या. डीटीपीवाल्या पोराला कव्हरच्या आतलं नवं पान चौकटीत बसेना, तर त्याने फोन नंबरांचा तक्ता जुन्या फायलीतून उचलून लावला. उचलाउचलीचं मी त्याला काय बोलणार! तर जगातलं सगळ्यात स्पष्ट गॅसगळतीचं पान आमच्याकडे आहे आणि त्याच्या खाली, ठळक अक्षरात, दोन वर्षांपूर्वी नोकरी सोडून गेलेल्या सिक्युरिटी सुपरवायझरचा नंबर. तो आता काटोल रोडला संत्र्याचा व्यापार करतो. मी फोन लावून पाहिला, म्हणाला, या एकदा.

कोणी जावं? ज्यांच्याकडे कागद आहेत पण कोणी वाचत नाही, त्यांनी. फक्त जाताना पुरता वेळ आणि निर्णय घेऊ शकणारा माणूस सोबत न्या, नाहीतर 'कोण?'ची यादी घेऊन माझ्यासारखे केबिन-केबिन हिंडाल. नुसती पॉलिश हवी असेल, भाषण किंवा अहवाल जरा वजनदार करून हवा असेल, तर जाऊ नका. त्या वजन कमीच करतात. आमची ४६ पानं १९ झाली आणि साहेबांचा पहिला प्रश्न होता, "पैसे पानं कमी करायचे घेतले का?" खरं सांगायचं तर हो.

२०० प्रतींवर नवीन नंबरचे स्टिकर मी आणि वॉचमनने दोन संध्याकाळी बसून लावले. तोच वॉचमन, दोन निंबवाला. १७० झाल्यावर त्याने एक स्टिकर हातात धरून बघितला आणि विचारलं, "साहेब, हा नंबर तरी एकदा लावून पाह्यला का?"

लावला. लागला.